मातीच्या पोटातली द्राक्षं

काबूलजवळच्या शोमालीतल्या त्या गावात हिवाळ्यासाठी द्राक्षं सगळेच ठेवत, पण वसंतातल्या नवरोज सणाचं ताट सजवायचं असलं की लोक गुलअंदामकडे येत. चिखलात भुसा मळून ती उथळ वाडगी थापायची, उन्हात वाळवायची. एकात जाड सालीची तैफी द्राक्षं मांडायची, दुसरं वर पालथं घालायची आणि कड ओल्या मातीने लिंपून टाकायची. असा बंद कांगिना एकदा अंधाऱ्या कोठीत गेला की पाच महिने त्याला कुणी हात लावायचा नाही.

यंदा तिची मुलगी मर्जान हिची सोयरीक ठरली होती. नवरोजला तिच्या सासरी ताट जायचं होतं. मदतीला नवी सून होती, शगुफा, काबूलमध्ये तिसऱ्या मजल्यावर वाढलेली. द्राक्षांवरची पांढुरकी झाक तिला धूळ वाटली, म्हणून कुणाला न विचारता तिने एक टोपली हौदावर नेऊन लख्ख धुऊन आणली. छत्तीस कांगिने लिंपून झाल्यावर चुलतसासू बोलता बोलता म्हणाली, की पाणी लागलेला घड महिन्याभरात सडतो. शगुफाच्या तोंडचं पाणी पळालं. आता धुतलेले घड कुठल्या कांगिन्यांत गेले, हे तिला ओळखता येईना.

बर्फ वितळलं. मर्जान ताटावर घालायचा रुमाल भरत बसली होती. त्या दिवशी शगुफाला राहवलं नाही, ती सासूजवळ गेली.

"मादर, एक टोपली मी धुतली होती."

गुलअंदामने तिच्याकडे पाहिलं. "थंडीभर तुला जेवण जात नव्हतं ते यामुळे? मी मेली नातवाच्या पाळण्याला लाकूड बघून आले."

मग ती तिला कोठीत घेऊन गेली. एकेक कांगिना उचलून तिने लिंपलेल्या कडेवर नाक टेकवलं आणि सात बाजूला काढले. फोडले तेव्हा सातही आत काळे, आंबट. शगुफाने डोळे मिटून घेतले. उरलेल्यांतला एक सासूने तिच्या मांडीवर ठेवला. "हा तू फोड."

दगडाच्या दुसऱ्या ठोक्याला कड सुटली. आत गुलाबी घड होता, मणी न् मणी ताठ, देठ अजून हिरवा. आजच सकाळी वेलीवरून उतरवल्यासारखा. बाहेर अंगणात अजून एक पानही फुटलं नव्हतं. शगुफा त्याला बोट लावायलाही धजेना.

गुलअंदाम वाकून तो घड बघत होती.

"चाळीस हिवाळे झाले," ती हळूच म्हणाली, "अजून फोडताना छातीत धडधडतं बघ. माती थापणं तेवढं माझं. आत काय होतं ते मला नाही ठाऊक."

तिने मर्जानला ताट आणायला हाक मारली.