मालडब्याची शिडी

आमचे आप्पा दौंडच्या यार्डात मालगाड्या तपासायचे. एखाद्या डब्यात खोट दिसली की त्यावर खडूनं फुली मारायचे आणि तो डबा गाडीतून काढायला लावायचे. आता शुगरनं त्यांची नजर गेली. म्हणून मी त्यांच्यासाठी वीतभर मालडबा करायला घेतला. म्हटलं, हाताला तरी कळेल.

मी रांजणगावला कंपनीत मशीनवर असतो. सुट्टीच्या दिवशी जळक्या मोटारीची तांब्याची तार घेऊन बसतो आणि ब्रेकचं चाक, हूक, दाराची कडी असं एकेक घडवतो. सगळ्यात जास्त छळलं ते शिडीनं. शिडी नखाएवढी, पायऱ्या सहा. सोल्डर करताना श्वास सोडला तरी पायरी उडायची. चार शिड्या मी चिडून फेकून दिल्या.

परवा पाचवी जमली. ती डब्याला चिकटवत होतो तोवर आप्पांनी हात पुढं केला.

"गोंद ओला हाय आप्पा, दमानं," मी दोनदा सांगितलं. पण ते कधी दमानं तपासतात? त्यांनी चाकं फिरवली, कडी ओढून बघितली आणि डब्याच्या कडेवरून अंगठा रगडत नेला.

"शिडी कुठंय?"

"लावली होती, आप्पा."

"न्हाई लावली. शिडीबिगर डबा मी सोडायचो न्हाई. खडू आण."

शिडी त्यांच्याच अंगठ्याला चिकटली होती. त्यांना ती जाणवतसुद्धा नव्हती.

मी उठलो आणि खडू आणून दिला.