नल्लकुंट्याचा परवा

त्रिवेणी परांडेकरांना खुर्चीत बसवत नसे. हवामान निधीच्या हैदराबादेतल्या विभागीय समितीच्या त्या सचिव. जंगल राखणाऱ्या गावांना पैसा द्यायचा की नाही, हे ही समिती ठरवायची. आणि बैठक रंगली की बाई खिडकी ते दार फेऱ्या घालायच्या. 'आधी ग्रामसभेचा होकार, मग अर्ज' हा नियम त्यांनीच भांडून करून घेतलेला. गावाला न विचारता रानाला कुंपण घालणाऱ्यांचा त्यांना भारी राग.

त्या दिवशी आदिलाबादकडच्या एका गावाची पाळी होती; रानातल्या नव्या रोपांना कुंपण घालायला त्यांना पैसे हवे होते. पडद्यावर तिथल्या वनसमितीची अध्यक्ष पोशव्वा. समितीतल्या, मूळच्या पुण्याच्या मकरंदने विचारलं, "ग्रामसभा कधी झाली?"

"परवा झाली की," पोशव्वा म्हणाली, आणि रेंज गेली.

मकरंदने पेन खाली ठेवलं. "अर्ज गेल्या महिन्यातला, सभा परवाची. नामंजूर."

"अहो, थांबा!" त्रिवेणीबाई गर्रकन वळल्या. "इतकी वर्षं हैदराबादेत काढलीत, अन् अजून परसों कळेना? इथं कालच्या मागचं सगळं परसोंच! आमच्या नल्लकुंट्याच्या मोहल्ल्यात माझं लग्नसुद्धा परवाच झालं, अन् नातू शाळेत जातोय."

सगळे खो खो हसले. मकरंद ओशाळला. प्रस्ताव मंजूर झाला.

बाईंना मात्र चैन पडेना. चहा तसाच निवला. विचारायला काय जातंय, म्हणून त्यांनी पोशव्वाला फोन लावला.

"काय गं, परवा म्हणजे नेमकं कधी?"

"म्हणजे? काल नाही, त्याच्या आदल्या दिवशी. परवा म्हणजे परवाच की, अक्का! माझं माहेर पैनगंगेपल्याडचं, महाराष्ट्रातलं. आमची मराठी तुमच्यासारखी हैदराबादी नाही."

बाईंना पहिल्यांदाच खाली बसावंसं वाटलं.

"मग अर्ज आधी कसा गेला?"

"आमचा अर्ज भरून देणाऱ्या संस्थेचा साहेब म्हणाला, अर्ज जाऊ दे, सभा मागाहून घेऊ. परवा घेतली, तर निम्म्या बाया उठून गेल्या. कुंपण नेमकं त्या तेंदूपत्ता तोडतात त्या रानालाच पडतंय ना! पण मंजूर झालं का, अक्का?"

"झालं होतं."

"होतं म्हणजे?"

"बायांना परत बोलव. त्यांच्याशी बोल, नीट. हो म्हणाल्या तर नवा अर्ज कर. नाही म्हणाल्या तर तेही सांग मला."

"तोवर कोवळी रोपं गुरं खातील की!"

"खातील," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? नियम त्यांचा, अन् चूकही त्यांचीच.

मकरंद डबा उघडून बसला होता. बाई दारातच म्हणाल्या, "मंजुरी मागं घ्यायची. तिचा परवा तुमच्या पुण्याचा निघाला. आणि हसू नका."

तो हसत नव्हता. "सह्या झाल्यात, ताई. मंडळीही गेली. पुन्हा बैठक घ्यावी लागेल. परवा घेऊ या?"

"कुठला परवा?" बाई कडाडल्या, आणि गेलेल्यांना फोन लावत जिन्याकडे चालू लागल्या.