बगदादच्या शामरावाची खरी कुस्ती

लालबागच्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, बगदादचा पैलवान राहायचा. नाव शामराव निकम, गाव साताऱ्याकडलं, आणि बगदाद कुठल्या दिशेला असं कुणी विचारलंच तर तो बेधडक शिवडीकडे हात करायचा. वरळीला तिकीट लावून फ्रीस्टाइल कुस्त्या व्हायच्या. तिथं कंत्राटदार त्याला काळा बुरखा घालून दोरखंडांच्या चौकात उभा करी, कधी बगदादचा म्हणून, कधी हंगेरीचा म्हणून. देश बदलायचा, निकाल तोच. शामरावनं पडायचं, हे आधीच ठरलेलं असायचं.

चाळीनं याची मनसोक्त मजा लुटली. त्याची बायको सुंदराबाई नळावर आली की शेजारणी विचारायच्या, काल कुठल्या मुलखात पडले गं तुझे मालक? ती हंडा आपटून उत्तर द्यायची. पण शामराव किती सुरेख पडतो हे चाळीला कधी कळलं नाही. ते कळायचं फक्त नावाजलेल्या पैलवानांना, आणि ते कंत्राटदाराकडून त्यालाच मागून घ्यायचे. समोरच्यानं वाकून मांडीत हात घातला की शामराव टाचांवरून अशी बारीक उसळी द्यायचा की तो आडदांड देह अलगद वर जाई, आणि लोकांना वाटे काय ताकद आहे उचलणाऱ्याची. खाली येताना तळहात फळ्यांवर सपाट आपटायचा. आवाज मोठा, इजा कुणालाच नाही. टाळ्या दुसऱ्याला.

गल्लीतल्या तालमीचे तात्या वस्ताद मात्र या गोष्टीला हसत नसत. शामराव त्यांच्या हाताखाली घडलेला. ठरवून पडणाऱ्याचा पाय तालमीच्या लाल मातीला लागू द्यायचा नाही, हा त्यांचा नेम. तेव्हा शामराव गिरणीत जाताना उंबऱ्याबाहेरूनच हनुमंताला हात जोडी. आतून शड्डूचा आवाज आला की त्याचे खांदे आपसूक हलायचे, आणि ते बघून ओट्यावरची मंडळी एकमेकांना कोपरानं ढोसायची. चेष्टा करायला कुणाचं काय जातं?

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. गोळीबार झाला, माणसं गेली. त्यांच्या घरच्यांच्या मदतीसाठी तालमीनं कुस्त्यांचं मैदान ठरवलं. दादरकडून जयवंत नावाचा तरणाबांड गडी यायचा होता आणि लालबागेत त्याला पुरून उरेल असा एकच माणूस शिल्लक होता. तात्यांनी शामरावला बोलावून घेतलं.

"सरळ लढ," ते म्हणाले. "हरलास तरी चालेल. सरळ लढलास तर उद्यापासून माती तुझी."

शामरावनं कंत्राटदाराला कळवून टाकलं की बगदादला ताप आलाय. गच्चीवर तो असे जोर मारू लागला की खालच्या मजल्यावरच्या कमळाबाईंच्या पिठात छताचा चुना पडायला लागला. त्या कुरकुरल्या, पण कौतुकानं. उभ्या जन्मात पहिल्यांदाच चाळ त्याला नावानं हाक मारत होती.

मैदानाच्या दिवशी माणसं कौलांवर चढून बसली होती. घोषणा चालू होत्या. शामरावनं माती दोनदा कपाळाला लावली, असं पुढं बसलेले सांगतात. कुस्ती जुंपली आणि सगळे थक्क झाले. या गड्याला कुस्ती येत होती. त्यानं जयवंतला दोनदा खाली घेतलं, मानेवर घुटना ठेवून रगडलं. पोराचा दम तुटला. शेवटची धडपड म्हणून जयवंत वाकला, शामरावच्या मांडीत हात घातला आणि त्याला खांद्यावर घ्यायला गेला. तो देह त्याला हलणार नव्हता. शामरावनं नुसतं वजन खाली सोडलं असतं तरी झालं असतं.

टाचांनी उसळी दिली. शामराव अलगद वर गेला, पाठीवर आला आणि तळहात मातीवर सपाट आपटला. तो आवाज पार शेवटच्या कौलापर्यंत गेला.

मग कुणीतरी "फितूर" म्हणालं. त्या दिवसांत हा शब्द मिठासारखा वापरला जायचा, चुकीच्या हॉटेलात चहा प्यायलेला माणूसही फितूर ठरायचा. आता तर सगळं मैदानच तोच शब्द ओरडू लागलं.

जयवंतला फेटा बांधायला आले तर त्यानं हात आडवा केला. तात्यांसमोरच तो शामरावला म्हणाला, "माझ्यानं तुम्ही उचलले जात नव्हता, मामा. तुम्ही आपणहून वर आलात."

"खरं का रे?" तात्यांनी विचारलं.

खोटं बोलायची सोय होती. शामराव म्हणाला, "हो. आलो वर. पण मुद्दाम नाही, वस्ताद. अंगानं केलं."

तात्यांचा विश्वास बसला होता, आणि तेच वाईट झालं.

"मुद्दाम पडला असतास तर दंड भरायला लावून आत घेतलं असतं," ते म्हणाले. "आता तुला मातीत घेऊन करू काय? माझी पोरं तुझ्याशी झोंबायची आणि तुझं पडणं शिकायची."

दुसऱ्याच दिवशी तात्यांनी तालमीतली माती खणून घेतली, तिच्यात ताक, हळद आणि लिंबं घालून पुन्हा मळली. तशी ती दरवर्षी मळतातच, पण यंदा महिना आधी का, ते कुणी विचारलं नाही.

मैदानावरून तो घरी आला त्या रात्री सुंदराबाईनं पाणी तापवून ठेवलं होतं. ती मळलेली पाठ चोळायला बसली तर शामरावनं तिचा हात धरला. राहू दे, म्हणाला. सकाळी तो तसाच गिरणीत गेला, मानेवर, कानामागे लाल माती वाळलेली. जिन्यात कुणीतरी विचारलं, बगदादला रंगपंचमी लवकर आली वाटतं? सगळे हसले. तोही थांबून हसला, सवयीनं, लोकांना हवं तेवढंच, आणि खाली उतरला.