मदरबोर्डवर अक्षता

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. साकोलीच्या एका राइस मिलमध्ये मी बिलं काढतो आणि घरी आलो की कॉम्प्युटरवर गेम खेळतो. चाळिशीला टेकलोय, लग्न केलं नाही, दारू नाही, तंबाखूचा खर्रा नाही. हा एवढाच शौक. लोक हसतात. हसोत बापडे. पण माझा आधीचा सेकंडहँड कॉम्प्युटर एका दुपारी माझ्या डोळ्यांदेखत फट् आवाज करून गेला, आणि त्यातून आलेल्या धुराचा वास कित्येक दिवस नाकातून जाईना. तेव्हापासून साधं पंख्याचं बटण दाबतानाही मी तोंड फिरवून घ्यायचो.

म्हणून नवीन कॉम्प्युटर स्वतःच जुळवायचा आणि दहा वर्षं चालेल असाच जुळवायचा, असं ठरवलं. पैसे बेताचे होते; एकदा फसलो की दुसरी संधी नव्हती. आठ महिने मी फक्त पार्ट निवडत होतो. खरं सांगायचं तर आठ महिने भीत होतो. आमच्या एकोडी गावात उन्हाळी धानाचे पंप सुरू झाले की घरातला बल्ब पिवळा पडतो, आणि पंप बंद झाले की तोच बल्ब डोळे दिपवतो. त्यामुळे ज्या पार्टची कोणी बढाई मारत नाही, त्या पॉवर सप्लायलाच, म्हणजे आत वीज पुरवणाऱ्या डब्यालाच, मी सगळ्यात जास्त भीत होतो.

भंडाऱ्याचा एक दुकानदार म्हणाला, ‘‘कॅबिनेटसंग सप्लाय फ्री देऊन राहिलो ना भाऊ, आलग कायले घेता?’’ तो फुकटचा डबा हातात घेतला तर रिकाम्या टिफिनएवढा हलका, म्हणजे आत मालच नाही. मी तिथून जो निघालो तो मागे वळून पाहिलं नाही. शेवटी नागपूरहून चांगला जड सप्लाय आणला, गरजेपेक्षा थोडा मोठाच. ग्राफिक्स कार्ड मात्र मधलं घेतलं, अंथरूण पाहून पाय पसरले. बोर्ड असा घेतला, की पुढे मेमरी वाढवायला दोन खाचा रिकाम्या राहाव्यात. काचेचं, दिव्यांचं कॅबिनेट नको म्हटलं. मळणीच्या दिवसांत घरभर कोंडा उडतो, म्हणून जाळीचं साधं घेतलं. न्हाणीमागे खड्डा खणून, मीठ-कोळसा टाकून अर्थिंग केलं. त्या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओतताना आई म्हणायची, ‘‘का पेरलं रे बाबू इथं? उगवन कवा?’’

बोर्ड देताना नागपूरवाल्याने एकच गोष्ट बजावली होती: ‘‘सॉकेटमधली एक जरी पिन वाकली, तं वॉरंटी खतम.’’ ते वाक्य मी डोक्यात घेऊनच बसने घरी आलो. खोका मांडीवर होता आणि प्रत्येक गतिरोधकाला माझा जीव वर-खाली होत होता.

रविवारी दुपारी सगळं चटईवर मांडलं. आई शेजारी बसली. तिला कळावं म्हणून मी बोर्डच्या मधला चौकोन दाखवला आणि म्हणालो, ‘‘माय, मशीनचा जीव इथं बसते. प्रोसेसर म्हन्तात त्याले.’’ मग त्या चौकोनाचा, म्हणजे सॉकेटचा, दांडा उचलला, वरचं प्लास्टिकचं झाकण काढलं. आत केसाहून बारीक सोनेरी पिना, ओळीने, शेकड्यांनी. श्वास लागूनही वाकतील असं वाटलं. तेवढ्यात मिलच्या मॅनेजरचा फोन आला. आमच्याकडे रेंज फक्त अंगणात येते. मी उठून बाहेर गेलो.

परत आलो तर आई बोर्डपुढे आरतीचं ताट घेऊन बसलेली. कॅबिनेटला हळदकुंकवाची बोटं लावलेली. आणि उघड्या सॉकेटवर अक्षता.

कोरी वस्तू आमच्याकडे पूजा केल्याशिवाय कोणी वापरत नाही. मोटरसायकलच्या हँडलला हळदकुंकू लावतात, पंपाला लावतात, मिलमधल्या नव्या वजनकाट्यालाही लावलं होतं. मी ते विसरलो होतो. आई विसरली नव्हती.

दोन दाणे कडेला पडले होते. तिसरा, अख्खा, कुंकवाने ओलसर, पिनांच्या मधोमध उभा रुतला होता. आठ महिने मी विजेला भ्यालो, धुळीला भ्यालो, दुकानदारांना भ्यालो. तांदळाला भ्यायचं सुचलंच नव्हतं.

‘‘तुले कोन सांगतलं होतं हात लावाले?’’ मी ओरडलो.

‘‘तूच तं म्हनलं, जीव इथं बसते...’’

‘‘अकलेचं खोबरं झालं का तुह्या?’’ असं म्हणून मी ते ताट हाताने उडवलं. ताट भिंतीवर आदळलं, कुंकू भिंतभर झालं, निरांजन विझून खाटेखाली गेलं. आईने पाय जवळ ओढून घेतले.

मी चिमटा घेतला आणि वाकलो. चिमट्याचं टोक दाण्यापर्यंत नीट जाईना. एकदा टोक पिनेच्या जवळून गेलं आणि मी किंचाळून मागे झालो. पुन्हा वाकलो, पुन्हा मागे. घामाचा थेंब बोर्डवर पडेल म्हणून मान दुसरीकडे वळवली. मला रडू यायला लागलं होतं, आणि ते आईसमोर, याची लाजही वाटत नव्हती.

‘‘सर तिकडं,’’ आई म्हणाली.

तिने चष्मा लावला. काटे काढायचा स्वतःचा जुना चिमटा फळीवरून घेतला. तिची साडी नायलॉनची होती, आणि नायलॉनने अंगात करंट साठतो, तोही पार्टला मारतो, हे मी वाचलं होतं. पण आता तिला काही सांगायची माझी हिंमत नव्हती. तिने डावा हात लोखंडी कॅबिनेटवर टेकवला, उजवा अगदी सावकाश खाली नेला आणि दाणा सरळ वर उचलला. मोबाइलच्या उजेडात मी एकेक ओळ पाहिली. एकही पिन वाकली नव्हती.

पुढचं सगळं मी जोडलं. तिन्हीसांजेला बटण दाबलं, अर्थात तोंड फिरवून. पंखे फिरले, पण पडदा काळाच. मिनिटभर काळाच. मग एकदम अक्षरं उमटली आणि मी चटईवर मटकन बसलो.

आई भिंतीवरचं कुंकू ओल्या फडक्याने पुसत होती. ते निघत नव्हतं, पसरत होतं. मला बरं वाटावं म्हणून की तिला, कोण जाणे, मी हसत विचारलं, ‘‘माय, तू पन भेली होती ना? मशीन बिघडन म्हनून?’’

तिने फडकं पिळलं.

‘‘मशीनले कायले भेवू, बाबू?’’ ती म्हणाली. ‘‘मी तुले भेली.’’