पदराखालचा उजेड

फिल्मची डबी उघडली की येणाऱ्या औषधी वासानं मला रिठदची आमची वांग्याची वाडी आठवते. जुन्या कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा काटा बंद पडला होता, म्हणून मी जमिनीवरची सावली पाहून अंदाज बांधायचो; कड ठळक असली की लेन्सचं छिद्र लहान करायचं, पुसट असली की मोठं. रोलमधला शेवटचा फोटो आईचा काढायचा होता. ऊन कडक होतं, मी छिद्र लहान केलं. तेवढ्यात शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, आजोबा म्हणजे आईचे सासरे येताना दिसले आणि आईनं पदर कपाळाखाली ओढला. मी म्हणालो, "आई, पदर मांगं घे न, तोंडावर अंधार पडून राह्यला." "मामाजी येऊन राह्यले, दिसत नाई काय तुले? काढ पटकन." घाईत छिद्र तसंच लहान राहिलं. फोटोत वांगी धरलेले हात लख्ख आले, चेहरा काळाकुट्ट. आईनं तो निरखून पाहिला आणि म्हणाली, "पदर बराबर आला." आजोबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी मी कॅमेरा डोळ्याला लावला की तिचा हात पदराकडे जातोच. भर उन्हातही छिद्र मोठं ठेवून तिच्यापुरता अंदाज मी सावलीचाच धरतो.