बरणी बघणारे मामा

माझ्या बायकोच्या मामांनी नापास केला नाही असा व्यापारी रत्नागिरी जिल्ह्यात अजून जन्माला यायचाय, असं मी गेल्या महिन्यापर्यंत छातीठोकपणे सांगत असे. मी कोकणी खाऊचं ऑनलाइन दुकान चालवतो. गेल्या हंगामात एका ठोक विक्रेत्याने जादा मीठ भरून वजन वाढवलेली आमसुलं माझ्या गळ्यात मारली आणि गिऱ्हाइकांनी मला एका स्टारवर आणून ठेवलं. आणखी एकदा असा माल गेला असता, तर दुकानाला टाळंच लागलं असतं. तेव्हा भरवशाचा माणूस शोधायचं काम मामांनी, म्हणजे एका निवृत्त पोस्टमास्तरांनी, आपण होऊन अंगावर घेतलं. त्यांना नमुन्याच्या पुड्या चालत नाहीत, जीएसटीचा नंबर चालत नाही, फोन तर मुळीच नाही. ते न कळवता, बरोब्बर जेवायच्या वेळी व्यापाऱ्याच्या घरी जातात आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून गोड आवाजात म्हणतात, "वहिनी, तुमच्या रोजच्या वापरातली बरणी जरा दाखवा बघू." विकायचा माल आणि घरचा माल एकच निघाला तर माणूस खरा, हा त्यांचा कायदा. हातखंब्याच्या एका व्यापाऱ्याने भिंतीवर चार प्रमाणपत्रं लावली होती. त्याच्या बायकोने बरणी तर दाखवलीच, वर कौतुकाने सांगितलं, "आमच्यात माझ्या माहेरचीच लागतात हो. ह्यांची कोण खाणार?" मामा तिथे पोटभर जेवले, ताक मागून घेतलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "जावईबापू, बाई सोन्यासारखी आहे. माल नको." अशी अकरा घरं झाली. मामांचं पोट सुटलं आणि माझं दुकान रिकामंच राहिलं.

बारावं घर केळशीचं. तिथे एक बाई एकटीच्या हिमतीवर आमसुलं करून विकतात. विक्रीचा माल मऊ, जाडसर, देखणा. घरची बरणी उघडली तर आत नुसता चुरा आणि वाळून कडक झालेले तुकडे. म्हणजे कायद्याने नापास. मी निमूटपणे चपला घालू लागलो. मामा मात्र बरणी हातात धरून तसेच उभे.

"हे असं का?" त्यांनी विचारलं.

"तुटकंफुटकं लोकांना कसं देऊ? आमचं भागतं त्यात," बाई म्हणाल्या.

मामांनी मला न विचारता तिथल्या तिथे सबंध हंगामाचा माल ठरवून टाकला. आज माझं दुकान त्याच आमसुलांवर उभं आहे, आणि गिऱ्हाइकं पुन्हा मागवतात.

परतीच्या एसटीत मामांनी खिडकीची जागा धरली. मामींना जाऊन तीन वर्षं झाली, पण त्यांचा विषय मामांनी कधी काढला नव्हता. दापोली मागे पडल्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमची ही घावनं करायची ना, तेव्हा फाटलेलं तेवढं तिच्या ताटात असायचं. मी आपला चाळीस वर्षं समजत होतो, हिला फाटकंच आवडतं."