वहिनीच्या वाट्याचं पाकीट

गर्भार बायांच्या बैठकीत मी पहिल्यांदा बोलायला उभी राहिले तेव्हा माझ्या हातात शिऱ्याच्या पिठाचं एक पाकीट होतं. अंगणवाडीतून गर्भार आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना मिळतं ते. भंडाऱ्यातल्या एका संस्थेनं मला कामावर घेतलं होतं. गावोगावी जाऊन बायांना गरोदरपण, बाळंतपण आणि त्यानंतरच्या दिवसांबद्दल सांगायचं, आपल्या अंगाचे निर्णय आपण घ्यायला शिकवायचं, असं ते काम होतं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. कामाचं पत्र आलं तेव्हा आईनं ते आधी विहारात नेऊन ठेवलं आणि मग घरी आणून ट्रंकेत.

बैठक आंबागडकडच्या एका गावात होती. अंगणवाडीच्या ओसरीवर पंधराएक बाया बसल्या होत्या. मी पाकीट वर धरलं आणि म्हणाले, "हे फक्त गर्भार बाईसाठी आहे. घरात वाटून खायचं नाही."

एक म्हातारी तंबाखू मळत बसली होती. म्हणाली, "मॅडम, तुमच्या घरी अशी एकटी बसून खाणारी सून आहे का?"

बाया हसल्या.

"असन तं सांगजा. आमी पाहाले येऊ तिले."

तिच्याच बाजूला तिची सून होती. आठवा महिना असावा. ती खाली मान घालून म्हणाली, "मले कायले सांगता मॅडम? खायाचं मले समजते. घरी सांगा न." आणि भुवई किंचित उचलून तिनं सासूकडे दाखवलं.

मी घाईनं पुढच्या भागाकडे वळले. पुढे पाककृती करून दाखवायची होती. सेविकेनं पाकीट फोडून पीठ कढईत टाकलं आणि परतायला घेतलं. वास आला. गोडसर, सोयाबीनचा थोडा करपट. मी चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि तशीच उभी राहिले. ही चव मला पाठ होती.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला भंडाऱ्यात वसतिगृहात राहत होते. आमचं गाव सानगडीजवळ. शनिवारी बसनं घरी जायचे, सोमवारी पहाटे परत. परत निघताना आई माझ्या पिशवीत लाडवांचा डबा ठेवायची. गूळ घालून वळलेले तपकिरी लाडू. वसतिगृहातलं जेवण पातळ असायचं, रात्री अभ्यासाला बसलं की भूक लागायची. ते लाडू खाऊन मी शेवटच्या वर्षाचे सगळे पेपर दिले, असं म्हटलं तरी चालेल. आई स्वतः त्यातला कण खात नसे. "मले गोड आवडत नाही," म्हणायची. लाडू वळायची माझी वहिनी. तेव्हा तिला पहिल्यांदा दिवस गेले होते. भाऊ तुमसरला राईस मिलमध्ये कामाला होता, पंधरा दिवसांनी घरी यायचा. चुलीपुढे पाटावर बसून, पोट सांभाळत, वहिनी लाडू वळायची. मी बाजूला बसून कॉलेजातल्या गोष्टी सांगायचे आणि गरम गरम एखादा उचलायचे. तिला कधी विचारलं नाही की हे पीठ कशाचं आहे. बेसनाचं असेल असं मला वाटायचं.

आमच्याकडे सून सगळ्यांच्या मागून जेवते. सासू जेवायची असताना सुनेनं एकटीनं काही तोंडात टाकणं म्हणजे चोरून खाणं. त्यात आईचा पक्का समज होता की शेवटच्या महिन्यांत बाई पोटभर जेवली तर मूल मोठं होतं आणि बाळंतपण जड जातं. वहिनीनं आठव्या महिन्यात वाकून धानाची रोवणी केली. संध्याकाळी चिखलाचे पाय धुऊन भात मांडला. सगळ्यांचं झाल्यावर जे उरलं ते खाल्लं.

मुलगी झाली, पावणेदोन किलोची. वहिनीला दूध पुरेना. आई म्हणाली, "हिच्या अंगातच नाही तं कुठून येईन?" आणि मी काय केलं? माझ्या एका मैत्रिणीकडचं पुस्तक आणून मी वहिनीला खाटेजवळ बसून वाचून दाखवलं. बाळंतिणीनं काय काय खावं ते. शेवटी म्हणाले, "वहिनी, तू स्वतःकडे लक्ष देत नाहीस."

ती हसली. म्हणाली, "हो न ताई. चुकलंच माझं."

त्या हसण्याचा अर्थ मला आंबागडकडच्या त्या ओसरीवर कळला. मधे नऊ वर्षं गेली होती. ती मुलगी जगली, चौथीत आहे, शाळेच्या प्रार्थनेत रांगेत सर्वांत पुढे उभी असते, कारण सर्वांत बुटकी तीच. आणि वहिनीला, मधलं एक मूल राहिलं नाही त्यानंतर, पुन्हा सहावा महिना लागला होता.

पुढच्या रविवारी मी गावी गेले. आई विहारात गेली होती. वहिनी अंगणात धान वाळत घालत होती. मी तिला म्हणाले, "ते लाडू तुझ्या पाकिटांचे होते ना?"

"कोणते लाडू?"

"मी कॉलेजात असतानाचे."

ती धान पायानं पसरवत राहिली. "मंग कशाचे राहतीन? आपल्या घरी बेसन येत होतं का?"

"मला सांगायचं तरी."

"काय सांगू? तुमी म्हणायच्या, वहिनी अजून दोन दे. हिसकून तं नाही घेतले न माझ्याकडून." मग पाय थांबवून आईबद्दल म्हणाली, "आत्याबाई म्हणत, पोरगी शिकली पाहिजे. मलेही वाटे. घरात एक तरी शिकावं. पण भूक लागे ताई. खोटं कायले बोलू?"

मी म्हणाले, "आता नाही. आताची पाकिटं तूच खायची. हक्क आहे तुझा."

"हे बैठकीतलं बोलणं राहू द्या." ती पहिल्यांदा चिडल्यासारखी झाली. "आत्याबाई समोर बसल्या राहतात. त्याईच्या डोळ्यापुढे माझ्या गळ्याखाली उतरत नाही. तुमाले माझ्यासाठी काही करायचं असन तं एक करा. बाळंतपणापर्यंत त्याईले तुमच्या घरी घेऊन जा. बस."

पुढे कितीतरी बैठका घेतल्या, पण कुठल्या बाईनं मला इतकं साधं आणि स्पष्ट काही मागितलं नाही. लग्नानंतर भंडाऱ्यात आमच्या दोन खोल्या होत्या, नवऱ्याची ना नव्हती. धान मळून झालं होतं. पण आईला खरं कारण सांगायचं माझ्या जिवावर आलं. जिनं मजुरी करून मला शिकवलं तिला मी कोणत्या तोंडानं म्हणणार होते की तुझ्यामुळे सून उपाशी राहते? मी सोपं खोटं बोलले. म्हणाले, "आई, माझी तब्येत बरी राहत नाही. अशक्तपणा आहे. महिना-दोन महिने येऊन राहा."

आई दुसऱ्याच दिवशी आली. आल्या आल्या स्वयंपाकघरात पिशवी रिकामी करू लागली. लाखोळीची डाळ, पोहे, गुळाची ढेप. आणि तळाशी दोन पाकिटं. शिऱ्याची.

"हे कशाला आणलं?"

"तुले अशक्तपणा आहे म्हणून. तुही वहिनी तं हे खातच नाही. लाज वाटते म्हणते. वायाच जाऊन राहिले."

"आई, हे तिच्या पोटातल्या लेकरासाठी असतं."

"मले नको शिकवू." आई कढई शोधत होती. "तुह्या वक्ती मले कोणं पाकीट देल्लं? पेज पिऊन रोवणा लावला मी. तू झाली का नाही? बी.ए. झाली का नाही?"

तिनं शिरा केला. माझ्या पुढ्यात ताटली ठेवली आणि समोर भिंतीला टेकून बसली, लहानपणी मी जेवताना बसायची तशी. तिच्या हाताच्या भेगांत अजून धानाचं तूस होतं. मी ताटलीकडे पाहत राहिले.

"खाय न व. थंड होते."

बैठकांत बायांना सांगायचं ठरलेलं होतं, नाही म्हणायला शिका. सासू रागावली तरी शांतपणे, पण ठामपणे सांगा. आई माझी सासू नव्हती. रागावलीही नव्हती. ती नुसती पाहत होती.

मी खाल्लं. सगळं संपवलं. चव तीच होती.

दुसरं पाकीट मी तिच्या नकळत कपाटात साड्यांखाली ठेवलं. आई दोन महिने राहणार होती, तीन आठवड्यांत कंटाळली. "तू तं धडधाकट आहेस," म्हणाली, "मले घरी सोडून दे. सून एकटी आहे." मी अडवण्याचा प्रयत्न केला. खरं कारण तेव्हाही सांगितलं नाही.

मी तिला सोडायला गेले. आई अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडायला बसली. मी आत जाऊन पर्समधून पाकीट काढलं आणि वहिनीच्या हातात दिलं. तीन आठवड्यांत तिच्या गालांवर थोडं मांस आलं होतं, ते मला दिसलं. तिनं पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं.

"दोन होते न ताई?"

"मला एवढंच मिळालं."

वहिनीनं दारातून बाहेर पाहिलं. आईचं सूप एका लयीत वर-खाली होत होतं.

"मंग आत्याबाईनं खाल्लं असन," ती म्हणाली.

मी पर्सची चेन लावली.